डेटाबेस कनेक्ट होत नाही? लिनक्स पुसून पुन्हा टाकण्याआधी स्क्रीनवरची ओळ नीट वाचा

समजा, घाटकोपरच्या पंतनगरमध्ये दहावी-बारावीचा एक क्लास आहे. काउंटरवर जुना कॉम्प्युटर, त्यात उबुंटू, आणि फीचा सगळा हिशेब मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये. सोमवारी सकाळी पालक पावतीसाठी रांगेत उभे आहेत आणि स्क्रीनवर ओळ येते, 'कान्ट कनेक्ट टू लोकल मायएसक्यूएल सर्व्हर थ्रू सॉकेट'. क्लासवाल्या सरांचा भाचा बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामाचा फोन जातो. भाचा स्क्रीनचा फोटो मागवतो, ती ओळ सर्च करतो आणि पहिल्या उत्तरातल्या सहा कमांड एकामागून एक टाकायला सांगतो. मायएसक्यूएल पूर्ण काढलं जातं, नव्याने टाकलं जातं. एरर गेला! मामा खूश. मग फीचा प्रोग्राम उघडतात, तर आत क्लासचा डेटाबेसच नाही. चार वर्षांच्या नोंदी गेल्या.

मूळ बिघाड काय होता? हार्ड डिस्क भरली होती. थोडी जागा मोकळी करून सर्व्हिस पुन्हा सुरू केली असती तर दहा मिनिटांत काम झालं असतं.

हा प्रसंग समजावण्यासाठी रचलेला आहे. त्यातल्या कमांड मात्र खऱ्या आहेत आणि 'हे करून बघा, माझं झालं' अशा शिफारशीसह आजही फिरत असतात. त्या यादीत बहुतेक वेळा एक ओळ असते, व्हार फोल्डरमधल्या लिब फोल्डरमधलं मायएसक्यूएल हे फोल्डर पुसून टाकणारी. तुमचा सगळा डेटा राहतो तो नेमका त्याच फोल्डरमध्ये.

(एक सूचना: या लेखात कमांड आणि एरर उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.)

वॉचमन काय म्हणाला?

'डेटाबेस कनेक्ट होत नाही' ही तक्रार 'मी मित्राच्या घरी पोहोचू शकलो नाही' यासारखी आहे. ऐकणारा लगेच विचारेल, कुठपर्यंत गेला होतास?

बोरिवलीतल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत मित्राकडे जायचंय असं धरा. रिक्षावाल्याला सोसायटीचं नावच माहीत नसेल तर तुम्ही स्टेशनवरच अडकता. लिनक्सवर याला 'अननोन होस्ट' किंवा 'नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन' म्हणतात. सर्व्हरचं नाव चुकलंय किंवा नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस यंत्रणा चालत नाही. इथे पासवर्ड बदलून काहीही होणार नाही, कारण पासवर्ड विचारण्यापर्यंत गोष्ट गेलेलीच नाही.

सोसायटी सापडली, पण गेट बंद आणि कितीही हाका मारल्या तरी कोणी ओ देत नाही. तुम्ही उभे राहून राहून परत फिरता. हा 'कनेक्शन टाइम्ड आउट'. याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे वाटेतली फायरवॉल. ती नकारही कळवत नाही, आलेली विनंती गुपचूप टाकून देते. पलीकडचं मशीन बंद असलं तरी असंच होऊ शकतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' याच्या अगदी उलट. तुम्ही गेटवर पोहोचलात आणि वॉचमनने लगेच सांगितलं, '३३०६ मध्ये कोणी राहत नाही.' उत्तर तत्काळ आलं म्हणजे मशीन चालू आहे, रस्ता मोकळा आहे. त्या पोर्टवर मात्र कोणी ऐकत बसलेलं नाही. पोर्ट म्हणजे फ्लॅट नंबर समजा. मायएसक्यूएलचा ठरलेला नंबर ३३०६, पोस्टग्रेएसक्यूएलचा ५४३२. एकतर डेटाबेसची सर्व्हिस बंद आहे, किंवा ती दुसऱ्या पोर्टवर चालू आहे.

आणि 'ॲक्सेस डिनाइड'? हा एरर बघून लोक सगळ्यात जास्त घाबरतात. खरं तर इथवर पोहोचणं ही चांगली बातमी आहे. दार उघडलंय, सेफ्टी डोअरच्या आडून काकू विचारताहेत, 'कोण पाहिजे?' नेटवर्क ठीक, सर्व्हिस ठीक, पोर्ट ठीक. तुमचं नाव किंवा पासवर्ड तेवढा पटलेला नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकणं म्हणजे काकूंनी ओळखलं नाही म्हणून बिल्डिंग पाडण्यासारखं आहे.

'अननोन डेटाबेस' आला तर तुम्ही घरातसुद्धा शिरलात, फक्त जी खोली मागितली ती तिथे नाही. बहुधा स्पेलिंगची किंवा कॅपिटल-स्मॉल अक्षराची चूक असते. लिनक्सवर मायएसक्यूएलच्या डेटाबेसच्या नावात हा फरक मोजला जातो, विंडोजवर नाही. घरच्या विंडोज लॅपटॉपवर चाललेला प्रोजेक्ट कॉलेजच्या लिनक्स लॅबमध्ये अडकतो त्यामागे अनेकदा एवढंच असतं.

सर्व्हिस जिवंत आहे का?

आता पंतनगरच्या क्लासकडे परत येऊ. त्याच मशीनवर डेटाबेस असेल आणि एररमध्ये 'सॉकेट' हा शब्द असेल, तर पहिली कमांड 'सुडो सिस्टिमसीटीएल स्टेटस मायएसक्यूएल'. 'ॲक्टिव्ह (रनिंग)' दिसलं तर सर्व्हिस चालू आहे. 'फेल्ड' दिसलं तर ती सुरू होताना पडली, आणि का पडली ते लॉगमध्ये लिहिलेलं असतं. 'सुडो जर्नलसीटीएल -यू मायएसक्यूएल' ही कमांड थोडं सांगते. बाकीचं व्हार फोल्डरमधल्या लॉग फोल्डरात मायएसक्यूएलच्या एरर फाइलमध्ये मिळतं.

दुसरी कमांड 'डीएफ -एच'. ही डिस्क किती भरली ते दाखवते. शंभर टक्के दिसलं तर शोध संपला. मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीपासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा बायनरी लॉग आपोआप चालू असतो आणि तो ठरवून दिलं नसेल तर ३० दिवस जपला जातो. लहान डिस्कवर तेवढाही पुरे होतो. पण त्या फाइल हाताने डिलीट करू नका. आधी डाउनलोड फोल्डरमधले सिनेमे, जुने पॅकेज वगैरे काढून थोडी जागा करा ('सुडो ॲप्ट क्लीन' त्यासाठीच आहे), सर्व्हिस सुरू करा, आणि मग डेटाबेसच्या आतूनच 'पर्ज बायनरी लॉग्ज' ही आज्ञा वापरून जुने लॉग काढा.

मुंबईकरांना आठवेल, १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधल्या बिघाडाने शहर आणि उपनगरांत एकाच वेळी वीज गेली होती. लोकल थांबल्या, ऑफिसं अंधारात गेली. यूपीएस नसलेला कॉम्प्युटर अशा वेळी डेटाबेससकट धाडकन बंद होतो. वीज आल्यावर मायएसक्यूएल सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतं, आणि लोकांना वाटतं बिघडलं. प्रत्यक्षात त्याचं इनोडीबी इंजिन अर्धवट राहिलेले व्यवहार लॉगमधून वाचून दुरुस्त करत असतं. बहुतेक वेळा ते स्वतःच सावरतं. याच क्षणी कोणीतरी सल्ला देतं, 'आयबी लॉगफाइल नावाच्या फाइल उडव.' त्या फाइलमध्ये दुरुस्तीचं सगळं सामान असतं. त्यांना हात लावू नका.

पासवर्ड बरोबर आहे, तरी 'ॲक्सेस डिनाइड'

हा भाग सविस्तर सांगायला हवा, कारण सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो.

एररची ओळ शेवटपर्यंत वाचा. मायएसक्यूएल कंसात 'युझिंग पासवर्ड: यस' किंवा 'नो' असं लिहितं. तिथे 'नो' असेल तर तुमच्या प्रोग्रामने पासवर्ड पाठवलाच नाही. तो चुकीचा होता की बरोबर, हा प्रश्नच नाही. सेटिंगची फाइल वाचली गेली नाही, किंवा त्यातलं नाव चुकलं. 'यस' असेल तरच पासवर्ड तपासा.

मग एररचा नंबर बघा. १०४५ हा साधा नकार. १६९८ वेगळा. उबुंटूवर मायएसक्यूएल टाकलं की रूट युझरला पासवर्डऐवजी लिनक्सच्या ओळखीवरून आत घेतलं जातं. म्हणजे तुम्ही कॉम्प्युटरचे रूट असाल तरच डेटाबेसचे रूट. साध्या युझरमधून कितीही पासवर्ड टाका, दार उघडणार नाही. 'सुडो मायएसक्यूएल' टाइप करा, थेट आत जाल. तिथून आपल्या प्रोग्रामसाठी वेगळा युझर तयार करा आणि त्याला फक्त त्याच्या डेटाबेसचे अधिकार द्या. रूटलाच पासवर्ड लावून प्रोग्राममध्ये तो लिहून ठेवायचा, हा शॉर्टकट अनेक व्हिडिओत दाखवतात. मला तो पटत नाही. सोसायटीच्या सगळ्या फ्लॅटची किल्ली दूधवाल्याला देण्याची काय गरज?

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये याचा भाऊबंद आहे 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड'. तिथेही तुमचं लिनक्सचं नाव आणि डेटाबेसमधलं नाव सारखं नाही एवढाच अर्थ. 'सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल' टाकलं की काम होतं.

तिसरी गंमत युझरच्या नावाची. मायएसक्यूएलमध्ये नाव एकटं नसतं, ते कुठून आलं तेही नावाचा भाग असतं. 'क्लास ॲट लोकलहोस्ट' आणि 'क्लास' हाच युझर दुसऱ्या मशीनवरून, ही मायएसक्यूएलच्या लेखी दोन वेगळी माणसं. ए विंगमधून आलेल्या जोशींना ओळखणारा वॉचमन रस्त्यावरून आलेल्या जोशींना अडवतो, तसं.

आणि 'लोकलहोस्ट' हा शब्दसुद्धा फसवा आहे. लिनक्सवर मायएसक्यूएलच्या क्लायंटला 'लोकलहोस्ट' सांगितलं तर तो नेटवर्कने जातच नाही, सॉकेट नावाच्या फाइलमधून, म्हणजे घरातल्या घरात आतल्या दाराने जातो. '१२७.०.०.१' सांगितलं तर तो गेटवर जाऊन पोर्टमधून आत येतो. एकाने चालतं आणि दुसऱ्याने नाही, असं झालं तर चक्रावू नका. कुठलं दार बंद आहे ते तुम्हाला कळलं. डॉकर वापरणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवायचं की कंटेनरच्या आत 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनर स्वतः. शेजारच्या कंटेनरमधला डेटाबेस तिथे सापडणार नाही.

घरून क्लाउडला जोडताना

अंधेरीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून क्लाउडवरच्या सर्व्हरला जोडणारे आता कमी नाहीत. ॲमेझॉनचा मुंबई विभागसुद्धा २०१६ पासून आहे. सर्व्हर जवळ असला तरी इथे 'टाइम्ड आउट'ची गाठ पडतेच. बहुतेक वेळा क्लाउडच्या फायरवॉलमध्ये तुमच्या घरचा आयपी पत्ता नोंदवलेला नसतो. काल चाललं आणि आज नाही, असं असेल तर ब्रॉडबँडवाल्याने रात्रीत पत्ता बदलला असण्याची शक्यता मोठी.

उबुंटूवर मायएसक्यूएल सुरुवातीला फक्त १२७.०.०.१ वर ऐकतं, म्हणजे बाहेरच्यांना दारच नाही. 'बाइंड ॲड्रेस' बदलून ते सगळ्यांना उघडता येतं, पण उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात. त्यापेक्षा एसएसएच टनेल वापरा. डेटाबेस आतच राहतो आणि तुम्ही सुरक्षित बोगद्यातून जाता.

सॉफ्टवेअरच टाकलं जात नाही तेव्हा

लिनक्सवर सॉफ्टवेअर बहुधा भांडारातून येतं. डेबियन आणि उबुंटूत ते काम 'ॲप्ट' करतो. दुकानदाराकडे कॅटलॉग असतो, त्यातून तो माल मागवतो. कॅटलॉग जुना असेल तर 'अनेबल टू लोकेट पॅकेज' किंवा '४०४ नॉट फाउंड' येतो. 'सुडो ॲप्ट अपडेट' म्हणजे नवा कॅटलॉग मागवणं. या कमांडने सॉफ्टवेअर अपडेट होत नाही, तसा समज मात्र सर्रास आहे.

अपडेट करूनही ४०४ येत असेल तर तुमच्या उबुंटूची मुदत संपलेली असू शकते. मुदत संपलेल्या आवृत्त्यांचा माल काही काळाने मुख्य भांडारातून हलवून जुन्यांच्या भांडारात ठेवतात.

डेबियनवर 'मायएसक्यूएल सर्व्हर' सापडत नाही, यामागे छोटासा इतिहास आहे. मायएसक्यूएल आलं १९९५ मध्ये. मॉन्टी विडेनियस या प्रोग्रामरच्या मोठ्या मुलीचं नाव 'मी', इंग्रजी स्पेलिंग 'माय'सारखं, त्यावरून ते नाव पडलं. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ते विकत घेतलं आणि पुढे ओरॅकलने सनलाच घेतलं. ओरॅकलच्या हाती आपला डेटाबेस जाणार, हे मॉन्टीला पसंत नव्हतं. त्याने २००९ मध्ये त्याच कोडवरून वेगळी वाट काढली आणि धाकट्या मुलीच्या नावावरून तिला 'मारियाडीबी' म्हटलं. डेबियनने २०१७ मध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपासून मारियाडीबी पसंत केलं. म्हणून उबुंटूसाठी लिहिलेली कमांड डेबियनवर जशीच्या तशी चालत नाही. तिथे 'मारियाडीबी सर्व्हर' मागा.

'कुड नॉट गेट लॉक' हा एरर तर एरर म्हणायलाही जड जावा. दुसरा एखादा प्रोग्राम त्याच वेळी काही टाकतोय, एवढंच. कॉम्प्युटर नुकताच सुरू केला असेल तर तो पाठीमागे स्वतःचे सुरक्षा अपडेट घेत असतो. चहा करून या. लॉकची फाइल डिलीट करण्याचा सल्ला पहिल्यांदा कोणी दिला कोण जाणे. पण दोन प्रोग्राम एकाच वेळी पॅकेजच्या नोंदवहीत लिहू लागले तर ती वही फाटते. मध्येच वीज गेली आणि 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' आलं, तर मेसेजमध्येच उपाय दिलेला असतो, 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'.

लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड मशीन आणलेल्यांना एक विचित्र एरर भेटतो, 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट'. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलेला असतो, घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असतं आणि ॲप्टला वाटतं, हा माल भविष्यातला आहे. घड्याळ बरोबर लावा, सेल बदला. कॉलेजच्या लॅबमध्ये ब्राउझर चालतो पण ॲप्ट चालत नाही, असं असेल तर प्रॉक्सी बघा. ब्राउझरमधली प्रॉक्सी ॲप्टला आपोआप कळत नाही.

पायथनवाल्यांना अलीकडे 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' छळतो. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून 'पिप'ला सिस्टिमच्या पायथनमध्ये ढवळाढवळ करू देत नाहीत, कारण लिनक्सची स्वतःची काही साधनं त्यावर चालतात. प्रोजेक्टसाठी वेगळं 'व्हीएन्व्ह' तयार करा आणि त्यात हवं ते टाका. त्या मेसेजमध्ये एक पळवाटही सुचवलेली असते. तिचं नावच 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' आहे, यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार? पीएचपीमध्ये 'कुड नॉट फाइंड ड्रायव्हर' आला तर डेटाबेसचा काही दोष नाही. पीएचपीला मायएसक्यूएलची भाषा शिकवणारं पॅकेज राहिलंय, 'पीएचपी-मायएसक्यूएल' टाका.

हे मराठीत शिकता येतं का?

येतं, आणि तेही आपल्याच उपनगरातून. पवईच्या आयआयटी मुंबईत केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा केला. केंद्राच्या शिक्षण खात्याच्या मदतीने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात लिनक्स, पीएचपी, मायएसक्यूएल यांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, फुकट, आणि त्यातल्या कित्येकांचं निवेदन मराठीत ऐकता येतं. काही धडे जुन्या आवृत्त्यांवर आहेत, स्क्रीन वेगळा दिसेल, पण टर्मिनलची भीती घालवायला उत्तम.

जाता जाता, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अर्नेट या देशातल्या सुरुवातीच्या नेटवर्कवर ईमेलची जी पहिली देवाणघेवाण झाली, ती जुहूची एनसीएसटी संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात. साध्या टेलिफोन लाइनवर. तेव्हा फोन लागणं हीच पहिली कनेक्शन टेस्ट असणार!

पुसायचंच असेल तर

कधी कधी खरंच नव्याने टाकावं लागतं. त्याआधी, डेटाबेस चालू असेल तर 'मायएसक्यूएलडम्प'ने सगळं एका फाइलमध्ये काढून घ्या. चालूच होत नसेल तर सर्व्हिस थांबवा आणि डेटाचं आख्खं फोल्डर 'टार' करून पेन ड्राइव्हवर ठेवा. नुसतं कॉपी करू नका, कारण बहुतेक पेन ड्राइव्ह विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि कुठली फाइल कोणाच्या मालकीची ही नोंद तिथे हरवते. ड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावणारच नाही, हेही बघा. ती टारची फाइल हातात असेल तर जाणकार माणूस नंतरही बरंच काही परत मिळवू शकतो.

आणि ग्रुपवर मदत मागताना 'एरर येतोय, प्लीज हेल्प' आणि तिरका फोटो एवढं टाकलं तर उत्तर देणारा तरी काय करणार? पहिली चुकीची ओळ टाका, शेवटची नव्हे; शेवटची बहुधा नुसती परिणाम असते. कुठलं लिनक्स, कुठली आवृत्ती, तुम्ही कुठली कमांड दिली, काल चालत होतं का आणि मधल्या काळात काय बदललं, हे लिहा. फोटो न काढता टेक्स्ट कॉपी करा, म्हणजे समोरच्याला ते सर्च करता येतं. पाठवण्याआधी एकदा वर जाऊन बघा, त्यात पासवर्ड दिसतोय का. दिसत असेल तर खोडा, आणि आधीच पाठवून झाला असेल तर आत्ता बदला.